वाचक विचारतात : आधी नटी, मग कादंबरीकार

मागच्या अंकात आपल्या बडोद्याच्या वाडी भागातल्या एका वाचकांचं पत्र घेतलं होतं. त्यांना आजोबांच्या ट्रंकेत ‘हेन्री डनबर’ नावाची जुनी इंग्रजी कादंबरी सापडली, मधली काही पानं गायब, आणि पहिल्या पानावर लेखकाचं नावच नाही, नुसतं ‘लेडी ऑडलीज सीक्रेट’च्या लेखकाची कादंबरी, एवढंच. तेव्हा जागा कमी होती म्हणून मी दोनच ओळी लिहिल्या की ही मेरी एलिझाबेथ ब्रॅडन, लंडनची, १८३५ चा जन्म, १९१५ ला गेली, आधी नाटकात कामं करायची आणि मग ऐंशीच्या वर कादंबऱ्या लिहिल्या. त्यातल्या ‘आधी नाटकात कामं करायची’ ह्यावर इतकी पत्रं आणि मेल आले, की ह्या वेळी सगळा कॉलम तिलाच देतेय.

प्रश्न : ताई, त्या काळात चांगल्या घरातली मुलगी स्टेजवर जायचीच कशी? आणि तिथून कादंबरीकडे कशी वळली? जरा सविस्तर लिहा ना. (दांडिया बाजारातून एक वाचक)

उत्तर : घर चांगलं होतं पण घरात पैसा नव्हता, सगळी गोष्ट तिथूनच सुरू होते. वडील हेन्री ब्रॅडन वकील होते पण पैशाच्या बाबतीत बेभरवशाचे आणि बायकोशीही नीट वागले नाहीत, तेव्हा मेरी साधारण पाच वर्षांची असताना आई, फॅनी, नवऱ्यापासून वेगळी झाली. मेरी सगळ्यात धाकटी. भाऊ एडवर्ड १८४७ मधे नोकरीसाठी थेट कलकत्त्याला आला आणि पुढे तीसएक वर्षं हिंदुस्थानातच राहिला. (तोच नंतर ऑस्ट्रेलियाकडे टास्मानियात जाऊन १८९४ ते १८९९ तिथला प्रीमियर झाला, म्हणजे आपल्या भाषेत मुख्यमंत्रीच.) घरी राहिल्या आई आणि ही. शिकलेल्या मुलीला तेव्हा दुसऱ्यांच्या घरी गव्हर्नेस म्हणून मुलं शिकवणं किंवा शिवणकाम, एवढेच रस्ते होते आणि दोन्हीत हातात काही यायचं नाही. साधारण १८५२ च्या सुमाराला, सतराएक वर्षांची असताना, ती स्टेजवर गेली. नातेवाइकांची अब्रू सांभाळायला नाव बदललं, मेरी सीटन. आणि आई प्रत्येक गावाला सोबत! हे मला फार महत्त्वाचं वाटतं, कारण त्या काळातली आई मुलीला नाटकात पाठवते आणि स्वतः तिच्याबरोबर भाड्याच्या खोल्यांमधून राहते, ही काय साधी गोष्ट झाली का.

आपल्याकडचा काळ शेजारी ठेवून बघा. विष्णुदास भाव्यांनी सांगलीला ‘सीतास्वयंवर’ केलं ते १८४३ मधे, आणि त्यानंतर कितीतरी वर्षं आपल्या स्टेजवर बाईचं काम पुरुषच करायचे. आपल्या बडोद्याचे भाऊराव कोल्हटकर १८८२ मधे किर्लोस्करांच्या कंपनीत गेले आणि ‘सौभद्र’मधली सुभद्रा झाले, लोक वेडे व्हायचे त्यांच्या गाण्यावर. इंग्लंडमधे बायका कधीच्याच स्टेजवर होत्या, पण मान होता असं अजिबात समजू नका. नटी म्हटलं की लोकांच्या भुवया वर जायच्याच, नाव बदलायची वेळ म्हणूनच आली ना.

मेरीने आठेक वर्षं कामं केली. जास्त करून लंडनबाहेरच्या गावांमधे, १८५६ मधे लंडनच्या सरे थिएटरला आणि शेवटची काही वर्षं ब्रायटनला. मोठ्या भूमिका फार नाही मिळाल्या, छोटे रोल, बऱ्याचदा स्वतःच्या वयापेक्षा मोठ्या बायकांचे. गावोगावच्या त्या कंपन्यांचं काम कसं चालायचं ते समजून घेतलं की पुढचं सगळं कळतं. एका रात्री एकच नाटक नसायचं, आधी छोटं फार्स मग मोठं मेलोड्रामा असं काहीतरी, आणि कार्यक्रम सारखा बदलायचा, त्यामुळे आज हातात पडलेली भूमिका उद्या-परवा पाठ करून उभं राहायचं, कपडेही बहुतेक नट्यांना आपापले जमवावे लागायचे. प्रेक्षक कुठे श्वास रोखतात, कुठे चुळबुळ करतात, कुठल्या वाक्याला पडदा टाकला तर लोक पुढच्या अंकासाठी बसून राहतात, हे तिने विंगेतून आणि स्टेजवरून रोज रात्री बघितलं.

ह्याच काळात ती लिहीतही होती, कविता, छोटी नाटकं. १८६० मधे तिचं एक छोटं विनोदी नाटक लंडनच्या स्ट्रँड थिएटरला लागलं. यॉर्कशायरचे गिल्बी नावाचे एक श्रीमंत गृहस्थ तिच्या कवितांवर खूश होते, त्यांनी पैशाची मदत केली आणि ती स्टेज सोडून लिहायला बसली. बेव्हर्ली गावच्या एका छापखानेवाल्याने कादंबरी मागितली आणि अट काय घातली, तर डिकन्सचा जिव्हाळा आणि विनोद हवा आणि प्लॉट मात्र रेनॉल्ड्ससारखा गुंतागुंतीचा हवा. हा रेनॉल्ड्स आपल्या पणजोबांच्या पिढीने अक्षरशः पिऊन टाकलेला लेखक, हरिभाऊ आपट्यांची पहिली कादंबरी ‘मधली स्थिती’सुद्धा त्याच्याच एका पुस्तकाचा आधार घेऊन सुरू झाली, म्हणजे बघा, बेव्हर्लीचा छापखानेवाला आणि पुण्याचे हरिभाऊ एकाच दुकानातून माल उचलत होते! त्या कादंबरीचे दहा पौंड ठरले होते ते तिला पूर्ण कधीच मिळाले नाहीत. पण त्यात तिने एक मुका डिटेक्टिव्ह घातला, जो बोटांच्या खुणांनी बोलतो. मला हे वाचताना दर वेळी वाटतं की हे नाटकात काम केलेल्या माणसालाच सुचणार, ज्याला माहितीय की तोंडातून शब्द न काढता नुसत्या हातांनी किती सांगता येतं.

प्रश्न : नटी म्हणून चालली नाही म्हणून लेखिका झाली असं म्हणायचं का मग? (कारेलीबागेतून)

उत्तर : नाही, मी असं मुळीच म्हणणार नाही, आणि कुणी म्हटलं तर मला राग येतो. आठ वर्षं स्वतःच्या कमाईवर आईला घेऊन राहणाऱ्या मुलीला न चाललेली म्हणायचं का? हेडलाइनवर नाव नसलेली हजारो माणसं नाटक उभं ठेवतात, तेव्हाही ठेवायची आणि आत्ता आपल्या महात्मा गांधी नगरगृहात प्रयोग होतो तेव्हाही ठेवतात.

आणि त्या आठ वर्षांतलं काही वाया गेलेलं नाही. १८६१ ची गोष्ट आहे. जॉन मॅक्सवेल नावाचा पब्लिशर नवीन साप्ताहिक काढत होता, त्यातल्या धारावाहिक कादंबरीचा लेखक वेळेवर मजकूर देत नव्हता. मेरी म्हणाली मी लिहिते, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी पहिलं प्रकरण त्याच्या नाश्त्याच्या टेबलावर हजर, अशी आठवण सांगितली जाते. आता ज्या बाईने वर्षानुवर्षं रात्रीत भूमिका पाठ केल्या तिला एका रात्रीत प्रकरण लिहिणं अवघड जाणार का? ते साप्ताहिक काही महिन्यांतच बंद पडलं पण लोकांना पुढे काय होतं ते कळायलाच हवं होतं, मग गोष्ट दुसऱ्या मासिकात पुन्हा सुरू झाली आणि १८६२ च्या ऑक्टोबरात तीन भागांत पुस्तक आलं, तेच ‘लेडी ऑडलीज सीक्रेट’. तीन महिन्यांत आठ आवृत्त्या. टिन्सली नावाच्या प्रकाशकाने त्यातून एवढं कमावलं की बंगला बांधला आणि त्याचं नाव ठेवलं ऑडली लॉज.

गोष्ट सगळी सांगत नाही, ज्यांना वाचायची असेल त्यांचा रस जाईल. एवढंच की एक गोड, नाजूक, सोनेरी केसांची तरुण बायको, मोठ्या घरात सगळ्यांची लाडकी, आणि ती जी म्हणून वावरतेय ती ती नाहीच. नाव वेगळं, भूतकाळ वेगळा, आणि ती रोज सकाळी उठून तो रोल करते, चहा ओततानासुद्धा करते, कारण रोल सुटला तर सगळंच गेलं. त्या वेळचे समीक्षक भडकले, खुनी बाई म्हटली की ती दिसायलाही तशी असली पाहिजे अशी सवय होती लोकांना, आणि ही तर देवघरात उभी करावी अशी. मार्गारेट ऑलिफंटसारख्या मोठ्या लेखिकेने ब्रॅडनवर कडक टीका केली. पण लोकांनी मुडीच्या लायब्ररीतून पुस्तक नेऊन नेऊन वाचलं. तीन भागांची नवी कादंबरी साडेएकतीस शिलिंगला पडायची, ती कोण विकत घेणार, मुडीकडे वर्षाची वर्गणी एक गिनी, म्हणजे एकवीस शिलिंग, मग घरोघर पुस्तकं जायची. आपल्याकडे सयाजीरावांनी १९१० मधे बोर्डन साहेबांना अमेरिकेहून बोलावून लायब्ररीची जी व्यवस्था लावली, पुस्तकांच्या पेट्या खेडोपाडी फिरवल्या, ती फुकट होती हा मोठा फरक, पण विकत न घेता वाचणाऱ्या माणसांमुळे कादंबरी जगते हे दोन्हीकडे खरं.

आणि १८६३ मधे ह्या कादंबरीवर लंडनमधे एकापेक्षा जास्त नाटकं लागली. जिला स्वतःला मोठी भूमिका मिळत नव्हती तिने लिहिलेली बाई करायला मोठमोठ्या नट्या पुढे आल्या. मला ही गोष्ट खूप आवडते.

प्रश्न : नेटवर वाचलं की ती एका विवाहित माणसाबरोबर लग्नाशिवाय राहत होती. अशा व्यक्तीचं एवढं कौतुक मासिकात का? (अकोट्यातून एक ज्येष्ठ वाचक)

उत्तर : काका, तुम्ही विचारलंत ते बरं केलंत, कारण हे झाकून तिची गोष्ट पूर्ण होत नाही. तो माणूस म्हणजे वर सांगितलेला पब्लिशर मॅक्सवेल. त्याची बायको हयात होती, आयर्लंडमधे, तिची मानसिक प्रकृती बरी नव्हती असं सांगतात, आणि कायद्याने सुटका होणं जवळपास अशक्य. त्याची आधीची पाच मुलं, ती मेरीने सांभाळली, तिची स्वतःची सहा झाली, त्यातलं एक लहानपणीच गेलं. १८६४ मधे मॅक्सवेलने पेपरात लग्न झाल्याची बातमी छापून आणली आणि बायकोच्या नातेवाइकाने लगेच ती खोटी आहे असं जाहीर केलं. पुढे १८७४ मधे पहिली बायको वारली तेव्हा पुन्हा सगळं बाहेर आलं, घरातल्या नोकरांनी काम सोडलं, ह्यांना काही काळ घरच सोडून दुसरीकडे राहावं लागलं. त्याच वर्षी ऑक्टोबरात दोघांनी रीतसर लग्न केलं.

पेपरात खोटी बातमी देणं चूकच होतं, आणि आयर्लंडमधल्या त्या पहिल्या बायकोची बाजू कुणी लिहून ठेवली नाही ह्याचं मला वाईट वाटतं. पण कौतुक का, तर ह्या घरात दहा-अकरा मुलं होती आणि मॅक्सवेलचा धंदा कधी वर कधी खाली, घर चालायचं ते बऱ्याच अंशी हिच्या पेनावर. १८६६ पासून ‘बेलग्रेव्हिया’ नावाचं मासिक तिने चालवलं, संपादन करायचं, त्यातच स्वतःची कादंबरी, शिवाय दुसऱ्या नावांनी स्वस्त पेपरांमधे गोष्टी. १८६८ च्या शेवटी आई गेली, तीच आई जी खोलीखोलीतून बरोबर राहिली होती, बहीणही त्याच सुमाराला गेली, त्यात बाळंतपण आणि ताप, आणि ही पूर्ण कोलमडली, बरेच महिने एक ओळ लिहू शकली नाही. नंतर उठून बसली आणि पुन्हा चाळीसेक वर्षं लिहिलं. मुलगा विल्यम मॅक्सवेलही कादंबरीकार झाला. ज्या लंडनजवळच्या रिचमंडमधे तिचं घर होतं तिथल्या काही रस्त्यांना आज तिच्या कादंबऱ्यांतल्या पात्रांची नावं आहेत आणि चर्चमधल्या पाटीवर तिचा उल्लेख फक्त ‘मिस ब्रॅडन’ असा आहे.

प्रश्न : ताई, मी फॅकल्टी ऑफ परफॉर्मिंग आर्ट्सला ड्रामॅटिक्स करतेय आणि गुपचूप एक कादंबरी पण लिहितेय. सर म्हणतात आधी एक काय ते ठरव. नाटकाचा कादंबरीला खरंच उपयोग होतो का, की दोन्ही अर्धवट राहतं? (फतेगंजहून एक विद्यार्थिनी)

उत्तर : सरांचा मुद्दा वेळेचा असेल तर ऐक त्यांचं, परीक्षा आणि प्रयोग दोन्ही असताना कादंबरी मागे पडणारच. पण एकाने दुसरं बिघडतं असं मला नाही वाटत. डिकन्सला स्वतःला नट व्हायचं होतं, १८३२ मधे लंडनच्या कॉव्हेंट गार्डन थिएटरला ऑडिशन ठरली होती आणि नेमकी त्या दिवशी जोरदार सर्दी, गेलाच नाही. त्याच्या पात्रांचे आवाज आजही कानात बसतात ते का हे कळतं मग. नोएल स्ट्रेटफील्ड नावाची इंग्लिश बाई दहाएक वर्षं नाटकात कामं करून लिखाणाकडे वळली आणि १९३६ मधे ‘बॅले शूज’ लिहिलं, स्टेजवर कमवायला लागणाऱ्या तीन मुलींची गोष्ट. अमेरिकेत टॉम ट्रायन, हा तर हॉलिवूडचा हिरो, १९६३ मधे ‘द कार्डिनल’मधे मुख्य भूमिका केली, डायरेक्टरने सेटवर इतका छळ केला की अभिनयावरून मनच उडालं, आणि १९७१ मधे पहिलीच कादंबरी ‘द अदर’ बेस्टसेलर. पुढच्याच वर्षी त्यावर सिनेमा, पटकथा त्याचीच.

पण तुला जवळचं उदाहरण हवं असेल तर अण्णाभाऊ साठे वाच. वाटेगावचे, जन्म १९२० चा, शाळा जवळपास नाहीच, तमाशात वाढले, मग १९४४ मधे शाहीर अमर शेख आणि गवाणकरांबरोबर लाल बावटा कलापथक. हजारो कामगारांसमोर उभं राहून पोवाडे, लावण्या, लोकनाट्यं. आणि मग ‘फकिरा’, १९५९. त्यातला कुठलाही प्रसंग मोठ्याने वाचून बघ, वाक्यं छोटी, ठोस, शेवटच्या रांगेतल्या माणसापर्यंत पोचणारी. ‘वैजयंता’ तर तमाशातल्या मुलीचीच गोष्ट. ज्याने फड आतून बघितलाय त्यालाच ते लिहिता आलं.

आता तुझ्या कामाचं सांगते. नाटकात पात्राच्या मनात काय चाललंय ते तुला चेहऱ्याने आणि हालचालीने दाखवावं लागतं, ती सवय कादंबरीत फार कामाला येते, पात्र ‘दुःखी झाली’ असं न लिहिता ती काय करते ते तू आपोआप लिहशील. आणि एंट्री-एक्झिट. ब्रॅडनकडे कोणी खोलीत शिरतं ते नेहमी चुकीच्या क्षणी शिरतं, प्रकरण संपतं ते दार उघडताना. कमी कुठे पडतं तेही ऐक, स्टेजवरून आलेल्या लेखकांना सगळं संवादातच उरकायचा मोह होतो आणि दोन संवादांच्या मधला काळ, कंटाळा, ऋतू, हे लिहायचं राहून जातं. ब्रॅडनच्या हे लक्षात आलं होतं असं मला वाटतं, कारण १८६४ मधे तिने मुद्दाम ‘द डॉक्टर्स वाइफ’ लिहिली, फ्रेंच लेखक फ्लोबेरच्या ‘मादाम बोव्हारी’वरून सुचलेली, त्यात खून-मारामारी मागे सारून एका कंटाळलेल्या बायकोचं मन लिहायचा प्रयत्न केला. ती तिच्या सगळ्यात चांगल्या पुस्तकांतली एक आहे असं माझं मत. तुझी कादंबरी गुपचूप ठेव हवं तर, पण रोज एक पान मोठ्याने वाचत जा, हॉस्टेलवर मैत्रिणी झोपल्या असतील तर गच्चीत जाऊन.

प्रश्न : तुम्ही मागच्या वेळी उत्तर दिलंत त्याबद्दल आभार. पण आता आमच्या ‘हेन्री डनबर’चं काय करायचं? मधली पानं नाहीत, आणि एवढं सगळं वाचल्यावर पूर्ण वाचायची इच्छा झालीये. (वाडीतले मूळ पत्रलेखक)

उत्तर : वाचाच, कारण ही तुमच्या-आमच्याशी थोडी जास्तच जोडलेली आहे. एका मोठ्या बँकेच्या मालकाचा मुलगा तरुणपणी खोट्या सहीच्या भानगडीत सापडतो म्हणून त्याला हिंदुस्थानात पाठवून देतात, पस्तीस वर्षांनी तो वारसा घ्यायला परत येतो, आणि त्याच्यामुळे आयुष्य बरबाद झालेला जुना नोकर त्याला भेटतो. पुढचं नाही सांगत. एवढंच बघा की पस्तीस वर्षं हिंदुस्थानात राहिलेला माणूस परत आला तर त्याला ओळखणार कोण, ह्या एका प्रश्नावर तिने अख्खी कादंबरी उभी केलीये, आणि तिचा स्वतःचा भाऊ तेव्हा इकडेच नोकरीत होता, घरी त्याची आठवण निघतच असणार. १८६५ मधे ह्याचंही नाटक झालं, टॉम टेलर ह्या त्या काळच्या नामांकित नाटककाराने केलं.

गेलेल्या पानांसाठी प्रोजेक्ट गुटेनबर्गवर जा, पूर्ण पुस्तक फुकट आहे, कॉपीराइट कधीच संपलाय. तेवढी पानं प्रिंट काढून मधे सुटी ठेवा, चिकटवू नका, आणि सेलोटेप तर अजिबात नको, काही वर्षांत पान पिवळं पडून तिथेच तुटतं. पावसाळ्यात ट्रंकेत परत टाकू नका, उघड्या कपाटात उभं ठेवा. आणि एक बघून कळवाल का, पहिल्या पानावर खाली लाइपझिग आणि टाउख्निट्झ असं छापलंय का? ही जर्मनीतली कंपनी ब्रिटनबाहेरच्या वाचकांसाठी इंग्रजी पुस्तकं काढायची आणि मोठी कादंबरी बऱ्याचदा दोन भागांत द्यायची. तसं असेल आणि तुमची गोष्ट ऐन रंगात अचानक थांबत असेल तर तो पहिला भाग आहे, दुसऱ्यासाठी ट्रंक पुन्हा नीट उपसा.